शाळेची रीत आणि शाळेचे दार

२०१९ सालच्या जून महिन्यात एका लहानशा गोष्टीवरून महाराष्ट्रात मोठा वाद माजला होता, तो श्रोत्यांच्या स्मरणात असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ही संख्या 'वीस एक' अशी, आणि बासष्ट ही संख्या 'साठ दोन' अशीही वाचावी, असे सुचविले होते. जुनी नावे पुस्तकातून काढून टाकलेली नव्हती. तरीही वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत सर्वत्र चर्चा झाली. एका पक्षाचे म्हणणे असे की, तोंडाने आधी 'बा' म्हणजे दोन म्हणावयाचे आणि हाताने आधी सहाचा आकडा लिहावयाचा, यात कोवळे मूल गोंधळते, आणि गणिताची भीती तेथूनच सुरू होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, पिढ्यान् पिढ्या मराठी मुले हीच नावे शिकत आली, त्यांचे काही बिघडले नाही. मुलांच्या सोयीसाठी भाषेची मोडतोड कशाला?

दोन्ही पक्षांत जाणती माणसे होती, आणि दोघांच्याही बोलण्यात काही तथ्य होते. परंतु हा वाद नवा मात्र नव्हे. मुलाने आधी पाठ करावे आणि मग समजून घ्यावे, की आधी समजून घ्यावे आणि मग ते आपोआप पाठ व्हावे. शिक्षकाने छडी हाती धरावी की खेळणे. शाळेने मुलाला वळण लावावे की मुलाच्या कलाने चालावे, हा झगडा आपल्याकडे सुमारे दोनशे वर्षे चालू आहे. त्याचा इतिहास आम्ही आज आपल्याच किनाऱ्याच्या आधाराने पाहणार आहोत. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतची किनारपट्टी आणि सावित्रीच्या खाडीने आत गेल्यावर लागणारे महाड, असा हा मुलूख. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यापूर्वीचा हा कुलाबा जिल्हा. थोरल्या शहरांच्या शिक्षणाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आपल्या बाजूच्या हकीकती एकत्र मांडल्या तर त्यांतून एक वेगळी गोष्ट ध्यानात येते, असे आम्हांस वाटते.

पंतोजींची ओसरी

पंतोजींच्या शाळेला स्वतंत्र इमारत नसे. देवळाचा सभामंडप, एखाद्या सधन गृहस्थाची ओसरी, किंवा खुद्द पंतोजींची पडवी, एवढी जागा पुरे होई. मूल पाच-सहा वर्षांचे झाले की चांगला दिवस पाहून त्याच्या हातून पाटीपूजन करवीत आणि 'ओनामासीधं'ने अक्षरओळखीस आरंभ होई. लाकडी फळीवर धूळ पसरावयाची, तीत काडीने अक्षर काढावयाचे, पुसावयाचे आणि पुन्हा काढावयाचे. ही धूळपाटी. हात वळला म्हणजे बोरू आणि कित्ता. बाळबोधापेक्षा मोडीचे महत्त्व अधिक, कारण खत, पावती, हुंडी, पत्र सगळे मोडीत. गणित तोंडचे: पाढे तर होतेच, पण त्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा.

या पद्धतीची आज थट्टा होते. परंतु ती का होती हे पाहिले पाहिजे. खंडी, मण, पायली, शेर ही मापे आणि रुपये, आणे, पै हे नाणे ज्या काळी चालत होते, त्या काळी श्रीवर्धनच्या सुपारीचा किंवा भाताच्या सव्वातीन मणांचा हिशेब उभ्याउभ्या करावयाचा, तर सवायकी आणि औटकी जिभेवर असणे ही चैन नव्हती, रोजची गरज होती. मुंबई सरकारच्या कौन्सिलातील एक सभासद प्रेंडरगास्ट याने १८२१ साली लिहून ठेवले आहे की, या मुलखातील साधा शेतकरी किंवा किरकोळ दुकानदारदेखील आपला हिशेब ज्या अचूकपणे ठेवतो, तसा विलायतेतील खालच्या थरांतील माणसांना ठेवता येत नाही. शिक्षकाला पालक आपल्या ऐपतीप्रमाणे मूठ-दोन मूठ धान्यापासून फार तर महिना रुपयापर्यंत देतात, हेही त्यानेच नमूद केले आहे.

या शाळेत आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तेथे यत्ता नव्हत्या. दहा-पंधरा मुले एका ओसरीवर बसत, कोणी धूळपाटीवर, कोणी कित्त्यावर, कोणी व्याजाच्या हिशेबावर. प्रत्येकजण आपल्या गतीने पुढे जाई, आणि पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवी. नापास होणे ही कल्पनाच तेथे नव्हती. प्रत्येक मुलाला त्याच्या चालीने शिकू द्यावे, हे आजच्या शिक्षणशास्त्रज्ञांचे आवडते तत्त्व. ते पंतोजींच्या ओसरीवर कोणी न शिकविता पाळले जात होते.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अंगठे धरून ओणवे उभे करणे, कोंबडा करणे, हातावर छडी ओढणे हे तेथील नित्याचे प्रकार. जे पाठ केले त्याचा अर्थ विचारण्याची रीत नव्हती. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्या ओसरीवर कोण चढू शकत असे? ब्राह्मण, प्रभू, सोनार, वाणी यांची मुले. क्वचित एखाद्या खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा. मुली जवळजवळ नाहीतच. महार, चांभार, कातकरी यांच्या मुलांचा तर प्रश्नच उद्भवत नसे. १८२९ सालच्या मोजणीत सबंध मुंबई इलाख्यात १,७०५ शाळा आणि ३५,१४३ विद्यार्थी आढळले. लोकसंख्या होती सुमारे ४७ लक्ष. म्हणजे दर १३३ माणसांमागे शाळेत जाणारे मूल एक. या मोजणीत घरगुती शिक्षण धरलेले नाही, असा आक्षेप पुढे रा. वि. परुळेकरांसारख्या संशोधकांनी घेतला, आणि तो बरोबर आहे. परंतु ज्या घरांत अक्षरच नव्हते त्या घरांतील मुलांना त्या आक्षेपाचा काय उपयोग?

धूळपाटी विलायतेला जाऊन येते

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. १८२२ साली ती स्वतंत्रपणे काम करू लागली आणि १८२७ पासून 'बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस, सदाशिव काशीनाथ छत्रे हे एतद्देशीय चिटणीस. या मंडळीने पंतोजींच्या रीतीवर टीका केली, छापील पुस्तके तयार करविली, शिक्षक शिकवून तयार केले, आणि १८२६ साली असे २४ शिक्षक निरनिराळ्या जिल्ह्यांत धाडले. त्यांनी शिकवावयाचे ते 'लँकेस्टरच्या पद्धतीने'. तीत एक शिक्षक मोठ्या मुलांना शिकवी आणि ती मोठी मुले धाकट्यांच्या तुकड्यांना शिकवीत. थोड्या खर्चात पुष्कळ मुले शिकविण्याची ही अगदी नवी विलायती युक्ती म्हणून तिची वाखाणणी होत होती.

आता ही नवी युक्ती आली कोठून? डॉ. अँड्र्यू बेल नावाचा एक पाद्री १७८९ पासून मद्रासेला सैनिकांच्या पोरक्या मुलांची शाळा चालवीत होता. एके दिवशी एका देशी शाळेपुढून जाताना त्याला मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना दिसली. त्याने ती रीत आपल्या शाळेत आणली; शिक्षक ऐकेनात तेव्हा मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकविण्यास सुरुवात केली. हा अनुभव त्याने १७९७ साली लंडनला छापला. जोसेफ लँकेस्टरने त्याच सुमारास लंडनमध्ये तशाच धर्तीवर शाळा काढली, आणि इंग्लंडभर या पद्धतीचा बोलबाला झाला. तीच पद्धत पंचवीस-तीस वर्षांनी मुंबईस आली आणि पंतोजींना सांगण्यात आले की, तुमची रीत टाकून ही सुधारलेली रीत घ्या! आमच्याच ओसरीवरची धूळपाटी विलायतेला जाऊन, साहेबी पोशाख करून परत आली.

ही हकीकत आम्ही स्वदेशाभिमानाने ऊर भरून यावा म्हणून सांगत नाही. बेलच्या नंतर त्या रीतीत शिस्त, तुकड्या, हजेरी, छापील तक्ते अशा पुष्कळ गोष्टी भरल्या गेल्या. पंतोजींच्या ओसरीवर थोरल्याने धाकट्याला शिकविणे हे दोन मुलांतले काम होते; लँकेस्टरच्या शाळेत ते शेकडो मुलांची कवाईत झाले. रीत तीच, पण तिच्यातला ओलावा गेला. जुने आणि नवे यांच्या भांडणात ही एक गोष्ट वारंवार आढळते. कोणतीही रीत लहान जागेत, एका माणसाच्या डोळ्यांदेखत चांगली चालते; तीच वरून हुकूम म्हणून सगळीकडे पाठविली की तिचे कवाईतीत रूपांतर होते.

पुढे तेच झाले. १८४० साली आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले. १८५४ चा वुडचा खलिता आला आणि १८५५ मध्ये सरकारी विद्याखाते निघाले. १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली. या पुस्तकांनी पुष्कळ भले केले. मुलांच्या हाती प्रथमच शुद्ध, सोपे मराठी गद्य आले. भूगोल आला, सृष्टिज्ञान आले. पण त्यांबरोबर 'यत्ता' आली, वार्षिक परीक्षा आली, आणि परीक्षा घेणारे डिपोटी आले. डिपोटीसाहेब येणार म्हटले की शाळा सारवून निघे आणि मुलांकडून उत्तरे घोकून घेतली जात. पंतोजींच्या वेळी मुले पाढे घोकीत. आता ती नद्यांची नावे आणि सनावळ्या घोकू लागली. घोकंपट्टी नाहीशी करण्यासाठी जी शाळा निघाली तीत घोकंपट्टीचा विषय तेवढा बदलला. त्यातही पाढे निदान बाजारात कामास येत असत.

दाराबाहेरचे मूल

असे असूनही एका बाबतीत नव्या शाळेने जुन्या शाळेला मागे टाकले, असे म्हणावयास हवे. ती बाब म्हणजे दार. निदान कागदावर तरी सरकारी शाळेचे दार सर्वांस उघडे होते.

कागदावर म्हणण्याचे कारण असे. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. एका मुलासाठी बाकीची सारी मुले शाळा सोडतील, या भीतीने मुंबई सरकारने त्यास प्रवेश दिला नाही. वरिष्ठांकडून या निर्णयावर टीका झाली आणि पुढे सरकारी शाळा सर्व जातींस खुल्या आहेत असे जाहीर झाले. १८८२ च्या हंटर कमिशननेही त्याचा पुनरुच्चार केला. परंतु जाहीर झाले म्हणून गावोगावी दारे उघडली, असे घडले नाही. पुष्कळ ठिकाणी अस्पृश्य मुलगा शाळेत आला तर तो बाहेर पडवीत बसे. साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी पिता येत नसे, ही हकीकत डॉ. आंबेडकरांनीच लिहून ठेवली आहे. त्या शाळेत क्रमिक पुस्तके नवी होती, नकाशे होते, शिकलेले शिक्षक होते. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ती पंतोजींच्या ओसरीच्या पुष्कळ पुढे होती. पण त्या मुलाच्या दृष्टीने?

याउलट एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कंपनी सरकारच्या पलटणींत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकविण्याच्या शाळा असत. तेथे शिकविण्याची तऱ्हा कवायतीचीच. बालमानसशास्त्राचा गंधही नाही. पण पलटणीतल्या महार शिपायाच्या मुलाला तेथे शेवटच्या कोपऱ्यात बसविले जात नव्हते, आणि शिकणे सक्तीचे होते. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ अशाच एका लष्करी शाळेचे मुख्य शिक्षक होते. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे त्याच लष्करी परंपरेतले. १८८६ साली नोकरी संपवून ते परतले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेबद्दल शास्त्री-पंडितांना सवाल विचारले. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. म्हणजे, रुक्ष आणि जुन्या वळणाची शाळा ज्याला मिळाली तो तिच्या बळावर उभा राहिला. आणि सुधारलेली शाळा ज्याला मिळाली नाही, त्याला तिची सुधारणा काहीच देऊ शकली नाही.

किनाऱ्यावर याला दुसरीही साक्ष आहे. रेवदंडा, चौल आणि अलिबागच्या आसपासच्या खेड्यांत बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी मराठीतून शाळा चालविल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे उघड आहे. तो हेतू बहुतांशी फसला. पण शाळा फसली नाही. अलिबागेस १८३० साली जन्मलेले हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या समाजाची स्वतःची शाळा काढली. दार एकदा उघडले म्हणजे आत आलेला मनुष्य पुढे आपले घर आपण बांधतो.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा आणि त्यांना चांगला पगार द्या, ही त्यांची मागणी. अभ्यासक्रमात त्यांना काय हवे होते? मोडी आणि बाळबोध यांचे वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य आणि नीती. यात मोडी आणि हिशेब हे पंतोजींचे, आणि शेती व आरोग्य हे नव्या युगाचे. जुने की नवे, या भांडणात फुले पडलेच नाहीत. ज्याच्या घरात कधी अक्षर आले नाही त्या मुलाच्या उपयोगी काय पडेल, हा एकच प्रश्न त्यांनी धरला, आणि त्या प्रश्नाने अभ्यासक्रम आपोआप ठरला.

१९२३ च्या ४ ऑगस्टला मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. पाणवठे आणि धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांस खुल्या कराव्यात, असे त्यात होते. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो तळ्याचा सत्याग्रह ज्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी होता, त्याच ठरावात शाळाही होती, हे आम्ही विसरतो. पाणी आणि पाटी यांचा झगडा एकच होता.

गागोदे आणि नाते

याच जिल्ह्यात चार महिन्यांच्या अंतराने दोन मुलगे जन्मास आले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे विनायक नरहर भावे. आणि १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते येथे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. दोघेही कुशाग्र बुद्धीचे, दोघांचीही स्मरणशक्ती असामान्य, दोघांचाही संस्कृताचा व्यासंग गाढ. परंतु शाळेशी दोघांनी मांडलेला व्यवहार अगदी उलट.

देशमुखांनी परीक्षेची शिडी पायरी न चुकविता चढली. १९१२ साली मॅट्रिकला इलाख्यात पहिले येऊन जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिज, १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक. नंतर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि शेवटी विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष. १९५२ च्या निवडणुकीत ते लोकसभेवर गेले तेही कुलाब्यातूनच. दुसरीकडे, लहानपणीच बडोद्यास गेलेल्या विनायकाने १९१६ साली इंटरच्या परीक्षेस मुंबईला निघाला असता वाटेत सुरतेस गाडी सोडली आणि काशीचा रस्ता धरला. आपली प्रशस्तिपत्रे तर त्याने आईच्या चुलीतच जाळली होती. हाच पुढे विनोबा झाला, आणि १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींनी नई तालीमची योजना मांडली तेव्हा तिच्या मागे विनोबांचे चिंतन आणि प्रयोग उभे होते.

या दोघांतला कोण बरोबर, असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. परंतु तो प्रश्न फोल आहे. परीक्षेची शिडी चांगली होती म्हणून देशमुख घडले नाहीत आणि ती वाईट होती म्हणून विनोबा घडले नाहीत. दोघांच्याही घरी विद्या होती. अशा घरातले मूल कोणत्याही रीतीतून, किंवा रीत मोडूनही, वर येते. शाळेच्या रीतीची खरी कसोटी अशा मुलांवर लागत नाही. रीतीमुळे ज्याचे नशीब बदलेल, असे मूल वेगळेच असते.

नई तालीमचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. हाताच्या उद्योगातून ज्ञान द्यावे आणि तो उद्योग त्या त्या भागातला असावा, हे तिचे मूळ तत्त्व. ते आमच्या किनाऱ्याला फार मानवले असते. मिठागरात बाष्पीभवन शिकता आले असते, होडीच्या शिडावर बल आणि कोन, भरती-ओहोटीवर चंद्राच्या कला, जाळ्याच्या विणीवर भूमिती. परंतु सरकारी योजना झाली तेव्हा बहुतेक शाळांत उद्योग म्हणजे टकळी आणि सूत, एवढेच उरले. कोळ्याच्या मुलाच्या हाती जाळ्याऐवजी पेळू आला. बेलच्या पद्धतीचे जे झाले तेच नई तालीमचेही झाले.

अंगणात गेलेली शाळा

आता आम्ही किनाऱ्याने थोडे उत्तरेस जाणार आहोत, कारण या कथेचा पुढचा भाग तेथे घडला. डॉ. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले ते गरीब वस्तीतील मुलांसाठी. परंतु माँटेसोरी पद्धत जेथे जेथे गेली तेथे ती हळूहळू सुखवस्तू घरांची झाली. तिची साधने महाग, तिच्या शिक्षिका दुर्मिळ. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ साली दादरला शिशुविहार निघाले. या सर्व कामाचा गौरव झाला. पण ती मुले शिकलेल्या घरांतली आहेत, ही गोष्ट ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

१९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील हे समुद्रकाठचे गाव. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी सुंदर थाटली, पण वारल्यांची आणि हरिजन वस्तीतली मुले काही येईनात. येथे दुसऱ्या कोणी पालकांच्या अज्ञानास दोष देऊन काम आटोपले असते. ताराबाईंनी शाळा उचलली आणि मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेऊन मांडली. तिचेच नाव 'अंगणवाडी'. विकत आणलेल्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने, माती आली. १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर सुरू झाले. तेथे मोठी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शिक्षकच कुरणात गेला, ती 'कुरणशाळा'. १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची देशव्यापी योजना काढली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

यातली महत्त्वाची गोष्ट आम्हांस अशी वाटते: ताराबाईंचे उत्तम शोध दादरच्या सुसज्ज बालमंदिरात लागले नाहीत. मूल येत नाही, या अडचणीतून ते लागले. कोण आत नाही, असे विचारल्यावरच कसे शिकवावे याचे उत्तर सापडले. साधने महाग होती तोवर कोणाला शिंपले सुचले नव्हते. आणि मूल दारात येऊन बसत होते तोवर कोणाला अंगण सुचले नव्हते. पुढे ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या, त्याही याच वाटेने.

आमचे म्हणणे

आजवरच्या या हकीकतींतून आमचे म्हणणे थोडक्यात असे निघते. जुनी रीत आणि नवी रीत यांचा वाद हा पुष्कळ अंशी आत बसलेल्या मुलांविषयीचा वाद आहे. पाढे पाठ करावेत की समजून घ्यावेत? आम्ही म्हणू, दोन्ही करावे. समजलेली गोष्ट जिभेवर ठेवण्यात मुलाचे काही नुकसान नाही, आणि न समजलेली गोष्ट नुसती जिभेवर ठेवण्यात फारसा लाभ नाही. बासष्ट म्हणावे की साठ दोन? ज्या मुलाला बासष्ट अडते त्याला साठ दोनचा हात द्यावा, आणि तो पलीकडे आला की बासष्टही शिकवावे. कोणताही जाणता शिक्षक हे मनाने करतोच. यासाठी दोन पक्ष पाडण्याचे कारण नाही. आणि छडीची बाजू तर आता कोणीच घेऊ नये; २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास बंदीच केली आहे.

त्याच कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. फुल्यांनी मागितलेली गोष्ट सव्वाशे वर्षांनंतर कायद्यात उतरली. तरीही दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या आणि कोळशाच्या भट्ट्यांच्या कामावर बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही जातात. वर्गाच्या हजेरीपटावर नाव असते, पण नोव्हेंबर ते मे या महिन्यांत त्या नावापुढे मूल नसते. या मुलाला जुन्या पद्धतीने शिकवावे की नव्या, हा प्रश्न त्याच्या बापाला विचारून पाहावा! वर्षाचे सहा महिने मूल जेथे असते तेथे शाळा जात नाही, आणि शाळा जेथे आहे तेथे ते मूल नसते.

पंतोजींकडे यत्ता नव्हती. मूल चार महिन्यांनी परत आले तरी जेथे सोडले तेथून पुढे जाऊ शके. ताराबाईंच्या शाळेला दार नव्हते. मूल असेल तेथे ती जाई. यांतली एक गोष्ट फार जुनी आणि एक नवी म्हटली जाते. कातकऱ्याच्या मुलाला या दोन्ही एकत्र हव्या आहेत. असे शिक्षण उभारण्यास मोठा खर्च लागेल असेही नाही. भट्टीवर जाण्यास तयार असलेला एक शिक्षक, दहा-पंधरा मुले, आणि त्यांचा अभ्यास ज्याच्या त्याच्या गतीने पुढे नेण्याची मुभा, एवढे पुरे होईल. मुलगा गावी परतला की त्याच्या शाळेने ते शिकणे मोजून घ्यावे, एवढी तजवीज वरून झाली पाहिजे. पेण, रोहे, सुधागड, महाड येथील नागरिकांनी आपापल्या तालुक्यातील शाळांत दिवाळीनंतर किती मुले दिसेनाशी होतात, याची चौकशी येत्या हंगामापासून सुरू करावी, अशी आमची विनंती आहे. रीतीविषयीचा वाद त्यानंतरही चालू ठेवता येईल. पण त्या वादात मग दाराबाहेरचे मूलही धरलेले असेल.